गोपाळरावांच्या धुऱ्यावरची सावर

बपेऱ्यात उंचावरचं काही काम निघालं की लोक दुसऱ्या कुणाचं नाव घेत नसत. मोहोळ उतरवायचं असो, विहिरीवर झुकलेली फांदी तोडायची असो, की देवळाच्या कळसाला झेंडा बांधायचा असो, निरोप यादोरावाकडेच यायचा. "यादोरावले सांगा, थो चढते," एवढं म्हणून सांगणारा मोकळा व्हायचा. अडकायचा तो यादोराव.

त्याचा बाप टिकाराम हाही चढणाराच होता. यादोरावाला धड मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा टिकारामला लकवा मारला, आणि खोडात खुंट्या ठोकणारा उजवा हात कायमचा मांडीवर पडून राहिला. त्या उन्हाळ्यात सावरीच्या झाडावरची कापसाची बोंडं उतरवायला कोणी नव्हतं. लोक म्हणाले, टिकारामचा पोरगा आहे, चढेल. तो चढला. खाली आल्यावर साऱ्यांनी पाठ थोपटली, आणि त्या दिवसापासून तो गावाचा चढणारा झाला. वर असताना त्याला काय वाटलं, हे कोणी विचारलं नाही.

यादोरावाला उंचीची भीती वाटायची. घराच्या छपरावरच्या कवेलूंइतकं वर गेलं की तळहातांना पाणी सुटायचं. तो चढण्याआधी हातांना राख चोळायचा. लोकांना वाटायचं, पकड घट्ट व्हावी म्हणून असेल. पुढे दुसरे चढणारेही राख चोळू लागतील, इतका त्याचा दबदबा. पण दुसरा चढणारा गावात झालाच नाही.

एकदा त्याने सुटायचा प्रयत्न केला होता. तालुक्यात मँगनीजच्या खाणी आहेत. त्यातल्या एका खाणीवर तो मजूर म्हणून लागला. जमिनीच्या पोटात उतरायचं काम. सोबतचे नवे मजूर काळोखाने घाबरले, पण यादोरावाला पायाखाली पक्का दगड आहे याचंच सुख वाटलं. त्याला वाटलं, आता आपलं आयुष्य मार्गी लागलं. मग चैत्र आला, आणि एका दुपारी त्याची आई जानकीबाई खाणीच्या फाटकाशी डोक्यावर पदर घेऊन उभी दिसली.

"बोंडं तडकून राहिली, बाबू," ती म्हणाली. "आता नाही उतरवली तं कापूस सारा हवेत जाईन. गोपाळराव रोज इचारते. तुह्या बापानं खाटेवरून उठून चढावं काय?"

यादोराव तिच्यासोबत बसमध्ये बसला. खाणीवर पुन्हा गेला नाही.

ज्या सावरीसाठी जानकीबाई एवढी धावली ती गोपाळरावांच्या शेताच्या धुऱ्यावर, हद्दीच्या बांधावर, उभी होती. गाव संपून धानाचे बांध सुरू होतात, तिथून नदीकडे पाहिलं की आधी ती दिसायची आणि मग नदी. आजूबाजूच्या मोहांच्या नि बेहड्यांच्या डोक्यावरून पार वर निघून गेलेली. बुडाशी खोडाला भिंतीसारख्या पाख्या फुटलेल्या. दोन पाख्यांच्या मध्ये बैल बांधून ठेवावा एवढी जागा. नवीन सावरीचं सारं अंग काट्यांनी भरलेलं असतं. ही इतकी म्हातारी, की खालच्या खोडावरचे काटे झिजून नुसते उंचवटे उरले होते. वरच्या फांद्यांवर मात्र टोकदार काटे तसेच होते. शिशिरात तिची पानं झडायची, मग उघड्याबोडक्या फांद्यांवर लालभडक फुलं यायची, आणि गावातल्या बाया खाली पडलेल्या कळ्यांची भाजी करायच्या. हगवण लागली की तिचा डिंक पाण्यात घोळून देत. पडलेल्या सावरींचेही उपयोग होते. लाकूड हलकं, नखाने ओरखडा उठावा इतकं मऊ, म्हणून कोणी ढोरांना पाणी पाजायची डोणी कोरायचा. तेच लाकूड बाहेर ठेवलं तर दोन पावसाळ्यांत भुसा होतं, पण पाण्याखाली राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून जुन्या लोकांनी विहिरींच्या तळाशी सावरीचंच कडं बसवलेलं.

पण खरी किंमत बोंडांची. ती तडकायच्या आत तोडावी लागतात. एकदा तडकली की आतला कापूस रेशमासारखा सुळकन बाहेर पडतो आणि वाऱ्यावर नदीपार जातो. या कापसाचा धागा होत नाही, फार बुळबुळीत असतो. पण उशीत भरला तर वर्षानुवर्षं गोळा होत नाही, भिजला तरी लवकर वाळतो. गोपाळरावांचं झाड, यादोरावाची चढाई, आणि कापूस अर्धा-अर्धा, असा टिकारामपासून चालत आलेला करार होता.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी यादोरावाचं लग्न झालं. बायको आंधळगावची, शेतकऱ्याच्या घरची. नाव गोदावरी. बोलायला कमी आणि हाताला चलाख. सासरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिने पाहिलं की घरातला कापूस व्यापारी पोत्यांनी उचलून नेतो आणि दुसरेच लोक त्याच्या उशा करून विकतात. ती माहेरी गेली तेव्हा तिथल्या विणकरांकडून घट्ट विणीचं कापड घेऊन आली. सैल कापडातून सावरीचा कापूस एकेक तंतू करून बाहेर निघतो. या कापडातून निघेना. तिने उशा शिवल्या, तुमसरच्या बाजारात नेल्या. पुढे लग्नसराईत लोक आंदणाच्या गादी-उशांसाठी तिच्या दारी येऊ लागले.

घरात बरकत आली. यादोरावाचं मात्र चढणं वाढलं. गोपाळरावांच्या सावरीचा कापूस पुरेना, तेव्हा आजूबाजूच्या गावांतल्या सावरींची बोंडंही ठरवून घेतली. पूर्वी उन्हाळ्यात काही दिवस चढायचा, आता होळी झाली की तो जमिनीवर कमी आणि झाडावर जास्त असायचा. रात्री झोपेत त्याचे पाय खुंटी शोधायचे. गोदावरी विचारायची, "काय झालं जी?" तो म्हणायचा, "मच्छर चावते." बायको आपल्या चढण्यावर एवढा संसार उभा करून राहिली, तिला काय सांगायचं?

अशी काही वर्षं गेली. मुलगी खुशबू शाळेत जाऊ लागली. टिकाराम वारला. आणि एका फाल्गुनात गोपाळरावांनी यादोरावाला अंगणात बोलावून चहा पाजला.

"सावर इकली," ते म्हणाले. "पेट्यांच्या फळ्या करणारा व्यापारी आला होता. झाड आता म्हातारं झालं, एखाद्या वादळात धुऱ्यावर पडलं तं कोणाचा तरी जीव जाईन. येवढी बोंडं उतरवून घे. मंग तोडणारे येतीन."

गोपाळरावांना वाटलं, याला वाईट वाटेल. यादोराव मान खाली घालून बशीतला चहा पीत राहिला, कारण मान वर केली असती तर चेहऱ्यावरचा आनंद दिसला असता. ही एक सावर गेली की बाकीच्या तिच्यापुढे बुटक्या होत्या. त्यांना हळूहळू नाही म्हणता आलं असतं. घरी येताना तो कितीतरी दिवसांनी शीळ घालत आला.

चढायच्या दिवशी सकाळी तो गोदावरीला घेऊन धुऱ्यावर गेला. चैत्रातलं ऊन तेव्हाच चटके देत होतं. झाडावर एक पान नव्हतं. वर आकाशात नुसत्या आडव्या फांद्या आणि त्यांना लटकलेली तपकिरी बोंडं. त्याने जुन्या खुंट्या हलवून पाहिल्या, सैल झाल्या तिथे नव्या ठोकल्या, आणि चढला. खांद्याला दोर, हातात आकडी लावलेला बांबू, पाठीला पोतं. पोतं भरलं की दोर फांदीच्या बेचक्यातून टाकून तो ते खाली सोडायचा आणि गोदावरी रिकामं करून घ्यायची. ऊन चढलं तेव्हा तिने बोंडांचा मोठा भारा बांधला.

"हे घरी टाकून येतो. तुमी उतरा आता," ती खालून ओरडली.

"वरची एक डांग राहिली," तो म्हणाला. "तेवढी करून उतरतो."

ती डांग म्हणजे पार शेंड्याजवळची जाड फांदी. इतकी वर्षं त्याने ती टाळली होती. तिच्यावर बोंडं भरपूर असत आणि दर वर्षी ती वाऱ्याला जात. पण आज शेवटचा दिवस होता. मनात आलं, एकदा त्या डांगेवर उभं राहून पाहावं, म्हणजे कुठे कमी पडलो असं राहणार नाही. तो वर गेला. फांदी खोडाला मिळते तिथे पूर्वी कधी दुसरी फांदी मोडली होती, आणि त्या जखमेवर सालीचा पातळ पापुद्रा धरला होता. यादोरावाने डावा पाय नेमका तिथे टेकवला.

साल फुटली. पाय आत गेला. गुडघा गेला, मांडी गेली, आणि तो जांघेपर्यंत झाडात उतरला. आत खोड पार पोकळ होतं. हातातला बांबू निसटला, फांद्यांवर आपटत खाली गेला, आणि तो जमिनीवर पोचल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की यादोरावाने डोळे मिटून घेतले.

त्याने पाय ओढून पाहिला. सालीचे नि लाकडाचे कुसळांसारखे टोकदार कूस आतल्या बाजूला वळले होते. पाय खाली जाताना त्यांनी वाट दिली, वर येताना ते मांडीत रुतले. मासे धरायच्या बांबूच्या सापळ्याचं तोंड असंच असतं, आत जायला मोकळं आणि बाहेर यायला काटेरी. जितकं ओढावं तितकं रक्त यायचं. उजवा पाय फांदीवर दुमडलेला, दोन्ही हातांनी खोडाला मिठी, आणि छातीला सावरीचे काटे टोचलेले.

तो ओरडला. उन्हाळी धानाला पाणी देणारं डिझेल इंजिन खाली धडधडत होतं. त्याची हाक त्याच्याच कानात परत आली.

मग त्याच्या तळपायाशी काहीतरी हललं.

पोकळीत, पायाच्या खाली, काहीतरी जिवंत होतं. ते सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. सावरीच्या ढोलीत साप असतात हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्याने पायाची बोटंही हलवायची बंद केली. वर ऊन, खाली ती पोकळी, आणि मध्ये आपला पाय, जो आपला असूनही आपल्या हातात नाही. यादोरावाला आजवर पडण्याची भीती वाटत आली होती. या घटकेला त्याला वाटलं, पडलो असतो तरी बरं होतं.

गोदावरी परत आली तेव्हा तिला आधी बांबू पडलेला दिसला. मग तिने वर पाहिलं.

थोड्या वेळात धुऱ्यावर गाव जमलं. गोपाळराव आले, जानकीबाई आली, इंजिन बंद करून जागेश्वर आला. जागेश्वर शेजारच्या शेताचा मालक, अंगाने पैलवान. त्याने चपला काढल्या, चार खुंट्या चढला, खाली पाहिलं आणि उतरला. कोणी म्हणालं, तुमसरहून शिडीची गाडी बोलवा. कोणी म्हणालं, शिडी निम्म्यातही पोचणार नाही, आणि गाडी धानाच्या बांधातून येईल कशी? कोणी म्हणालं, नदीपलीकडचे मोहोळवाले आणा; मोटारसायकलवर एक जण गेला आणि ते जंगलात गेल्याचा निरोप घेऊन आला. ऊन डोक्यावर आलं. वरून यादोरावाचा आवाज आता येईनासा झाला होता.

"याच्याशिवाय चढणारा गावात नाही," गोपाळराव हताश होऊन म्हणाले, "आणि हाच वर अडकला."

गोदावरीने साडीचा काष्टा घातला. कोणाच्या तरी कमरेची हातकुऱ्हाड मागून घेतली आणि पदराने पाठीशी बांधली. पाण्याची बाटली गळ्यात अडकवली. जानकीबाईने तिचा हात धरला.

"बाईच्या जातीनं झाडावर चढू नाही. पोट्टी आहे तुह्या मागं. तू पडली तं?"

"सोडा, मामी," ती सासूला म्हणाली.

"गोदावरी!"

"मंग कोण जाते, सांगा," ती म्हणाली. जानकीबाईने हात सोडला.

लहानपणी ती चिंचेवर चढली असेल तेवढीच. पण इतकी वर्षं तिने खालून यादोरावाला पाहिलं होतं. हात आधी जातो, मग पाय, खुंटीच्या टोकावर नाही, बुडाशी पाय ठेवायचा. ती तसं करत गेली. खाली पाहिलं नाही. वरून एक खरखरीत आवाज आला.

"येऊ नोको. उतर."

"गप राहा."

ती त्याच्या शेजारच्या फांदीवर पोचली तेव्हा त्याचे ओठ फुटले होते आणि डोळे मिटलेले होते. तिने बाटली त्याच्या तोंडाला लावली. पाणी पोटात गेल्यावर त्याने डोळे उघडले, आणि तिचा चेहरा एवढ्या जवळ पाहून तो लहान पोरासारखा रडू लागला.

"मले भेव लागते, गोदा."

"लागनच. आता मी आलो ना."

"आज नाही. पहिल्यापासून लागते. पहिल्या दिवशी चढलो तवापासून."

गोदावरी त्याच्या छातीभोवती दोर बांधत होती. तिचे हात थांबले.

"मंग काहून चढत होते?"

"दुसरा कोणी नवता."

"मले काहून नाही सांगतलं?"

त्याने कपाळ खोडाला टेकलं. तिला राग आला. इतका, की खालच्या लोकांचा, उंचीचा, सगळ्याचा विसर पडला. तिने दोराची गाठ गच्च ओढली, दुसरं टोक वरच्या बेचक्यातून टाकून खाली सोडलं आणि जागेश्वरला धरायला सांगितलं. मग कुऱ्हाड काढली.

"आत काही हाय," यादोराव कुजबुजला. "पायाखाली. हलते."

तिने गुडघ्याच्या अंदाजाने खोडाच्या बाजूला घाव घातला. लाकूड मऊ होतं, कुऱ्हाड काकडीत शिरावी तशी शिरली. तरी फार जोर लावता येत नव्हता. जास्त तोडलं असतं तर सारी डांगच दोघांना घेऊन खाली गेली असती. ती थोडं तोडायची, हाताने सोलायची, बोट घालून पाहायची. घाव बसला की त्याचा हादरा यादोरावाच्या हाडात जायचा. शेवटी खोडाला तोंड पडलं आणि आत ऊन शिरलं. तिने वाकून पाहिलं.

"पोपटाचे पिल्लं हायेत," ती म्हणाली. "चोच उघडून बसले."

यादोराव रडता रडता हसला की हसता हसता रडला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

कूस एकेक करून छाटल्यावर पाय मोकळा झाला, पण तो लाकडासारखाच झाला होता. काळानिळा, आणि चिमटा घेतला तरी न कळणारा. तिने दोराला हिसका दिला. जागेश्वर आणि आणखी काही जणांनी खालून दोर तोलला आणि यादोरावाला कापसाचं पोतं उतरवावं तसं हळूहळू खाली घेतलं. गोदावरी मागून एकटी उतरली. जमिनीला पाय लागल्यावर ती झाडाच्या पाखीला टेकून बसली आणि बराच वेळ उठली नाही.

तुमसरच्या डॉक्टरांनी यादोरावाला भंडाऱ्याला पाठवलं. पाय वाचला. पण फार वेळ दबून राहिल्यामुळे पंजा उचलणारी शीर मेली होती. चालताना पंजा लोंबायचा आणि जमिनीवर फट् करून पडायचा. झाडावर चढणं संपलं, हे डॉक्टरांनी जपून, तोंड पाडून सांगितलं. यादोरावाला जे हवं होतं ते मिळालं होतं. फक्त असं नको होतं.

तो परत आला तेव्हा सावर गेली होती. धुऱ्यावर रुंद बुंधा उरला होता आणि त्यातून पाणी पाझरत होतं. बसमधून उतरल्यावर त्याने सवयीने नदीकडे पाहिलं, तर नजर कुठे ठेवावी कळेना. पिल्लांचं काय झालं, त्याने विचारलं. गोपाळराव म्हणाले, तोडणाऱ्यांनी पिल्लं उडेपर्यंत थांबायला नकार दिला.

आता त्याच्यासाठी घरातलं काम उरलं. बोंडं फोडायची, काठीने झोडपून बी वेगळं करायचं, आणि उशा भरायच्या. हे काम घराच्या मागच्या खोलीत चालायचं, दार-खिडकी लावून. जराशी हवा आली की कापूस साऱ्या घरभर. गोदावरी हे लग्न झाल्यापासून करत आली होती. यादोराव पहिल्या दिवशी आत बसला. गोदावरीने दार लावलं, तसा त्याच्या डाव्या मांडीत कूस रुतल्यासारखं झालं. हवेत तंतू तरंगत होते. पाय दुमडलेला होता. त्याने तो सरळ करायला पाहिलं आणि पंजा हलेना. तो उठला, दाराला धडकला, आणि बाहेर अंगणात येऊन खांबाला धरून उभा राहिला. खाणीच्या पोटात ज्याला सुख वाटलं होतं तो माणूस आता बंद खोलीत घटकाभर बसू शकत नव्हता. भरलेल्या जीपमध्ये बसवेना, बूट घालवेना, अंगावर चादर ओढवेना. जानकीबाईला वाटायचं, पोराला कोणाची नजर लागली.

तरी तो रोज खोलीत जायचा. दुसरं काय करणार? थोडं बसायचा, घामाघूम होऊन बाहेर यायचा, पुन्हा जायचा.

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर जागेश्वर अंगणात आला. त्याच्या धुऱ्यावर एक सावर होती, जुन्या सावरीएवढी नाही, पण उंचच.

"वहिनीले सांगा," तो यादोरावाला म्हणाला. "बोंडं उतरवायची हायेत. आता गावात त्याच एक चढणाऱ्या."

यादोरावाच्या कानात ते वाक्य जुन्या ओळखीच्या हाकेसारखं शिरलं. तो खांबाला धरून उठला.

"थे नाही येणार."

"काहून?"

"नाही म्हंजे नाही. सारं गाव मिळून एका माणसाले झाडावर टांगून ठेवता आणि खाली उभे राहून वाहवा करता. मले ठेवलं. तिले नाही ठेवू देत. भेव लागते का म्हणून कोणं इचारलं तिले?"

जागेश्वर चकित झाला. यादोरावाला एवढं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं आणि गोदावरी बाहेर आली. केसांवर, भुवयांवर पांढरा कापूस.

"कोणं सांगतलं मी नाही येत म्हणून?" ती म्हणाली. "उद्या सकाळी येतो, भाऊजी. ऊन व्हायच्या आत."

जागेश्वर गेल्यावर यादोराव तिच्यावर भडकला. तिने त्याला भडकून घेऊ दिलं. मग खोकली, तो तिचा जुनाच खोकला, घरात सगळ्यांच्या सवयीचा.

"तुमाले एक सांगू?" ती पायरीवर बसत म्हणाली. "त्या दिवशी वर मलेबी भेव लागलं. पण वर वारा होता. मी कवापासून त्या खोलीत बसून राहिलो. दार बंद, खिडकी बंद, नाकातोंडात कापूस. तुमी सकाळी दोर घेऊन निंघाले का मले वाटे, हा माणूस कसा मोकळा आहे. दिवसभर हवेत राहते."

यादोराव तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"आणि मी वरून आपल्या घराकडे पाहो," तो म्हणाला. "मनात म्हणो, थे बरी. सावलीत बसली हाय, पायाखाली जमीन हाय."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू काहून नाही बोलली?"

आतून खुशबूने, भूक लागली म्हणून हाक मारली, आणि गोदावरी उठली.

गोदावरी दुसऱ्या दिवशी चढली, आणि नंतरही, पण फक्त स्वतःला हवं तेव्हा. कळसाला झेंडा बांधायला बोलावणं आलं तेव्हा तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. लोक काही दिवस कुरकुरले, मग त्यांनी शिडी आणली. खोलीचाही तिने निकाल लावला. तुमसरच्या बाजारातून मोठी मच्छरदाणी आणली, ओसरीवर चारी कोपऱ्यांनी बांधली, आणि कापसाचं काम तिच्या आत सुरू केलं. कापूस उडत नव्हता आणि बाहेरचं सारं दिसत होतं. यादोराव तिथे बसू शकला. नेहमी नाही. एखाद्या दिवशी मच्छरदाणीही अंगावर यायची, आणि तो दोऱ्या ओढून बाहेर पडायचा. त्या दिवशी उशा तशाच राहायच्या. ते कधी पुरतं गेलं नाही. गोदावरीचा खोकला मात्र त्या पावसाळ्यापर्यंत बराच कमी झाला.

बोंडांच्या दिवसांत तो तिच्यासोबत जायचा. वर पाहणं त्याला जमत नसे, म्हणून तो झाडाकडे पाठ करून, दुखरा पाय लांब सोडून बसायचा आणि पोतं उतरवायचा दोर दोन्ही हातांत धरायचा. येणारे-जाणारे हसायचे. हसू द्यायचा. कोणी विचारलंच, तर आता तो सांगूनही टाकायचा की मला उंचीची भीती वाटते.

"भरलं जी," वरून गोदावरीचा आवाज यायचा. "सोडू काय?"

"सोड," तो म्हणायचा, आणि हातात वजन यायचं.